मी पण करणार!

घरात लहान मूल असलं की दिवाळीच्या कामांचे दोन ढीग पडतात. एक, मुलं झोपल्यावर करायची कामं. दुसरा, मुलं जागी असताना, त्यांना सोबत घेऊन, दुप्पट वेळात करायची कामं. मुलांच्या हातात मोबाइल देऊन गुपचूप उरकायची कामं हा तिसरा ढीग आमच्याकडे नाहीच, असं मी चारचौघांत सांगते.

फराळात कुठला पदार्थ श्रेष्ठ यावर घरोघरी वाद होतात. माझी प्रतवारी सोपी आहे. चार वर्षांच्या मुलीचे हात ज्याला सोसतात तो पदार्थ वरचा, बाकीचे त्याखाली.

या हिशेबाने अनारसे अगदी तळाला. तांदूळ तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, निथळून थोडे दमट असतानाच बारीक करायचे, गूळ घालून पीठ मुरवायचं. एवढं सगळं करून तुपात सोडल्यावर अनारसा हसायचा तो हसतोच. जो मोठ्यांनाच जुमानत नाही त्याच्या वाटेला मुलांना कशाला पाठवा? चकलीचंही तेच. सोऱ्या फिरवायला जोर लागतो आणि पाडणाऱ्याचा हात मध्येच थांबला की वेटोळं तुटतं. थोरला सात वर्षांचा आहे, त्याला एका दमात जेमतेम दीड वेढा जमतो. त्याला तो ‘प्रश्नचिन्ह’ म्हणतो आणि तसाच तळायला लावतो.

करंजी मात्र फसवी. मुलांना ती भरायला फार आवडते, कारण भरता भरता सारण खाता येतं. पण कड नीट चिकटली नाही की करंजी कढईत तोंड उघडते, सारण बाहेर येऊन जळतं आणि मागून येणाऱ्या सगळ्या करंज्यांना काळे ठिपके चिकटतात. म्हणून मुलांनी भरलेल्या करंज्या वेगळ्या ताटात ठेवायच्या आणि सगळ्यांत शेवटी तळायच्या. ही युक्ती सासूबाईंची. आपल्या मुलाने भरलेल्या करंज्याही त्या शेवटी तळायच्या. अजूनही तळतात.

बेसनाच्या लाडवात भाजण्याची हमाली माझी, वळण्याची मजा त्यांची. पहिले लाडू लिंबाएवढे, शेवटचे बोराएवढे, मधले पोटात.

आणि सगळ्यांच्या वर शंकरपाळी. तूप, दूध, साखर एकाच वाटीने सारखं घ्यायचं, साखर विरघळेपर्यंत गरम करायचं, कोमट झालं की चिमूटभर मीठ आणि मावेल तेवढा मैदा. या पिठाचा स्वभाव गरीब. कुणीही मळा, परत मळा, जमिनीवर पडलेला तुकडा सोडून बाकीचं पुन्हा गोळा करून लाटा, त्याची तक्रार नसते. धाकटी ओट्यापाशी स्टुलावर उभी राहते, कातणं दोन्ही मुठींत धरते, जिभेचं टोक ओठाच्या कोपऱ्यातून बाहेर काढते आणि पोळीवर रेघ मारायला सुरुवात करते. रेघ निघते माझ्याकडून आणि जाते खिडकीकडे. दुसरी रेघ पहिलीला भेटायला येते. चौकोन, त्रिकोण, एखादी लांबलचक पट्टी. पट्टी तोडायची नाही, कारण तो रस्ता आहे.

अडचण खरी येते तळताना. लहानमोठे तुकडे एकाच घाण्यात सोडले की चिमुकले करपतात आणि मोठे आतून कच्चे राहतात. त्यामुळे कापून झालं की तुकड्यांची आकारावरून वाटणी करायची, आणि हे काम थोरल्याचं. तो ते फार गंभीरपणे करतो. ‘हे पहिलीत, हे दुसरीत, हे कॉलेजात’ असे तीन ढीग लावतो. कॉलेजवाल्यांना मंद आचेवर सगळ्यांत जास्त वेळ लागतो, यावर घरातल्या मोठ्यांना बोलण्यासारखं बरंच असतं. पाहुण्यांपुढे बशी ठेवली की धाकटी तिच्यात बोट घालून आपला त्रिकोण शोधते आणि आलेल्या काकूंना म्हणते, “हा नका घेऊ, हा मी केलाय.” काकू दुसरा घेतात. तोही तिनेच केलेला असतो.

त्याच मैद्याच्या डब्यातून आकाशकंदिलाची खळ निघते. मैदा गार पाण्यात कालवायचा आणि ढवळत ढवळत पारदर्शक होईतो शिजवायचा, बस. पूर्वी कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालायचे. तो विषारी, आणि आमच्याकडे खळीची चव घेणारी व्यक्ती आहे, तेव्हा तो नाहीच. कामट्यांचा सांगाडा बाबांनी बांधायचा, पतंगी कागदाच्या झिरमिळ्या मुलांनी कापायच्या. कंदील एका बाजूला कलतो. दरवर्षी कलतो आणि दरवर्षी नवरा म्हणतो की वारं आहे.

किल्ल्याची गोष्ट वेगळी. तिथे मदतनीस आम्ही. सोसायटीच्या पार्किंगच्या कोपऱ्यात वसुबारसेच्या आधीच विटा, फुटक्या कुंड्या आणि गोणपाट जमा होतं, नर्सरीतून लाल मातीची पोती येतात आणि इमारतीतली सगळी पोरं कोपरापर्यंत राड होतात. 2025 च्या जुलैत युनेस्कोने शिवकालीन गडकोटांच्या मालिकेला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. रायगड, राजगड, प्रतापगडापासून सिंधुदुर्गापर्यंत महाराष्ट्रातले 11 आणि तमिळनाडूतली जिंजी असे 12 किल्ले. ही यादी पोरांना तोंडपाठ, त्यामुळे यंदा कुठला करायचा यावर मोठं भांडण. एका गटाला राजगड हवा होता, कारण त्याला पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी अशा तीन माच्या आहेत आणि पोरांचे गटही तीन होते. दुसऱ्यांना सिंधुदुर्ग, कारण पाणी. पाणी म्हटल्यावर मत देण्याची गरजच उरली नाही. वरच्या मजल्यावरच्या आजोबांनी खुर्ची टाकून सांगितलं की मालवणपाशी कुरटे बेटावर 1664 मध्ये या किल्ल्याचं काम सुरू झालं आणि ते तीन वर्षं चाललं. पोरांनी ते संध्याकाळपर्यंत संपवलं. कपडे धुवायचा निळा टब अरबी समुद्र झाला, आणि दिवाळी संपेपर्यंत मी कपडे बादलीत भिजवले.

जमीन हिरवी दिसावी म्हणून अळीव पेरायचे. अळिवांइतकं आज्ञाधारक बी दुसरं नाही. ओल्या मातीवर पसरा, पाणी शिंपडत राहा, दोन-तीन दिवसांत कोंब वर येतात आणि लक्ष्मीपूजनापर्यंत शेत तयार. याच अळिवांचे लाडू बाळंतिणीला देतात. मीही दोन्ही वेळा नाक मुठीत धरून खाल्ले आहेत. पोरं शिंपडत होती तेव्हा सासूबाई गॅलरीतून ओरडल्या, “अरे, पुरे! अळीव काय भाव झालाय!”

मावळ्यांची पेटी वर्षभर माळ्यावर असते. चपलांच्या खोक्यात, जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली. ती उघडायचा मान थोरल्याचा. तुटक्या सोंडेचा हत्ती, मान चिकटवलेला गवळी, तोफा, एक पोलिस. महाराज सिंहासनावर सगळ्यांत उंच जागी, आणि त्यांच्या खालोखाल धाकटीचा हिरवा डायनासोर. त्याला काढा म्हटल्यावर रडारड झाली, तेव्हा थोरल्याने निवाडा दिला की तो समुद्रातून पहारा देईल. जिंजीला मोगलांनी 1690 पासून जवळजवळ आठ वर्षं वेढा घातला होता. आमचा सिंधुदुर्ग भाऊबीजेच्या रात्री एका मांजरीने घेतला. पहारेकरी जागच्या जागी होता.

आता डब्यांचं. दिवाळीच्या आधी स्वयंपाकघर आवरताना मी सगळे डबे घासून पुसून ओळीत लावले आणि नावांच्या चिठ्ठ्या चिकटवायला घेतल्या. “मी पण करणार!” धाकटीला लिहिता येत नाही, पण डब्यात काय आहे हे घरात तिच्याइतकं कुणाला ठाऊक नाही. म्हटलं, चित्रं काढ. तिने खडू घेऊन ओट्याखाली बैठक मारली. साखरेच्या डब्यावर मुंगी निघाली. मिठावर समुद्राच्या लाटा. हरभऱ्याच्या डाळीवर घोडा, कारण घोडा हरभरे खातो असं आजीने तिला सांगितलं होतं. मिरचीपुडीवर तोंड उघडं टाकलेला तिचा दादा. हिंगाच्या डबीवर नुसतं नाक. रव्याची चिठ्ठी कोरी. विचारलं तर म्हणाली, “पांढरं आहे ना, काढलंय की.” मैद्याचीही कोरी. इथे मात्र मी हस्तक्षेप केला आणि मैद्यावर कातणं काढायला लावलं.

मी आजवर केलेल्या आवराआवरीतली टिकलेली ही एकच. माझ्या सुबक अक्षरातल्या चिठ्ठ्या असायच्या तेव्हा नवरा सगळे डबे उघडून बघायचा आणि झाकणं अदलाबदल करून ठेवायचा. आता घोडा घोड्याच्या जागी जातो. डबे इकडचे तिकडे झाले की धाकटी ओरडते, आणि तिचं ओरडणं शेजारी ऐकू जातं. खेळण्यांनाही हीच पद्धत लावली. तीन टोपल्या, तीन चित्रं, आणि सगळं तिच्या हाताला येईल एवढ्याच उंचीवर. फराळाचे डबे तेवढे वरच्या फळीवर, बिनचित्राचे. उंची हेच त्यांचं कुलूप. तिथवर पोचायला स्टूल लागतं, आणि स्टूल ओढल्याचा आवाज मला झोपेतही ओळखू येतो.

परवा मला यायला उशीर झाला. सासूबाईंकडे शेजारच्या काकू येऊन बसल्या होत्या आणि सासूबाईंचे गुडघे धरले होते, म्हणून चहा ठेवायला काकूच उठल्या. आतून विचारलं, “अहो, साखर कुठेय?”

“ती काय, मुंगीच्या डब्यात,” सासूबाई म्हणाल्या.

काकूंनी बिनसाखरेचा चहा घेतला. वर घरी जाऊन लवंगांची पुडी घेऊन आल्या. “डब्यात चार टाकून ठेवा,” म्हणाल्या, “मुंग्या येत नाहीत.”