एसीच्या नळीखालचं लिंबू

लातुरात घरच्या बागा सांभाळायच्या म्हणजे निम्मं काम झाडांचं, निम्मं पाण्याचं. औसा रोडला माझी छोटी रोपवाटिका आहे, शिवाय पंधरा-वीस घरांच्या गच्च्या बघतो. त्यातली एक निवृत्त शिक्षिकेची. त्यांना नावानं कुणी हाक मारत नाही, सगळी गल्ली ‘बाई’च म्हणते.

गेल्या मे महिन्यात सकाळी साडेसहालाच बाईंचा फोन. “तू स्वतः ये. पोराला पाठवू नकोस.” आवाजावरूनच कळलं, आज अंगठे धरून उभं राहायचंय. तरी हाताखालच्या पोराला सोबत घेतलंच.

गच्चीवर साठेक कुंड्या. मोगरा जानेवारीत मीच छाटला होता. या दिवसांत तो कळ्यांनी लगडायला हवा, तर पानांच्या कडा विडीचे चटके दिल्यासारख्या करपलेल्या. लिंबाची पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. गुलाबाच्या नुसत्या काड्या. बोगनवेल मात्र मजेत.

हे दुखणं दिवाळीनंतर सुरू झालं तेव्हा ‘लोह कमी पडतंय’ म्हणून मी चिलेटेड फेरस देऊन मोकळा झालो होतो. मग शेणखत वाढवलं. मधे कुणाच्या तरी सांगण्यावरून बाईंनी १९:१९:१९ हे रासायनिक खत पण घातलं. पैसे त्यांचे गेले, अक्कल माझी.

“ऊन लागलं असंल,” मी म्हणालो.

“वर हिरवी जाळी आहे. पाणी दोन्ही वेळ घालते. आता बोल.”

मी बोलणार काय? तेवढ्यात पोरगं जिन्याच्या टोकाकडून ओरडलं, “दादा, ह्ये लिंबू बगा की!”

तिथं कोपऱ्यात एकटीच कुंडी. बाकीच्या लिंबांबरोबर, त्याच दिवशी, त्याच मातीत मी लावलेली. पण पानं अशी की तेल चोळल्यासारखी, आणि सुपारीएवढी पाच-सहा लिंबं. मी वाकून बघत होतो तर मानेवर गार थेंब पडला. वर बाईंच्या मुलाच्या खोलीतल्या एसीची नळी.

मी दुसऱ्या एका कुंडीपाशी उकिडवा बसलो आणि खुरप्यानं काठ खरवडला. पांढरी पापडी निघाली. जिभेला लावली. खारट, वर तुरट.

“बाई, झाडांना पाणी कुठलं घालता?”

त्या मला स्वयंपाकघरात घेऊन गेल्या. आरओच्या फिल्टरमधून बाहेर पडणाऱ्या पाण्याची नळी थेट निळ्या ड्रममध्ये सोडलेली. ड्रमला झाकण, झाकणावर मग. “२०१६ पासून यातला एक थेंब मोरीत जाऊ दिला नाही,” बाई म्हणाल्या.

ते साल लातुरात कुणाला सांगावं लागत नाही. मांजरा धरण कोरडं पडलेलं, आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. तेव्हापासून या गावात पाणी सांडलं की पोटात कालवतं. माझ्याही.

म्हणून पुढचं सांगायला जीभ रेटेना. खिशातला टीडीएस मीटरच काढला, पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा. बोअरचं पाणी ११४०. ड्रमचं १८७०. एसीच्या नळीखाली धरलेल्या तांब्यातलं २४. आरओ क्षार नाहीसे करत नाही, प्यायच्या पाण्यातले काढून सांडपाण्यात ढकलतो. ते पाणी रोज कुंडीत. मे महिन्यात पाणी उडून जातं, क्षार तिथंच राहतात. आपली काळी माती त्यांना घट्ट धरून बसते. वर गच्चीला डाग पडू नयेत म्हणून कुंड्यांखाली बशा ठेवायला मीच सांगितलेलं. खाली झिरपलेलं खारं पाणी झाड पुन्हा वर ओढायचं.

बाई बराच वेळ मीटरकडे बघत राहिल्या. “म्हणजे मीच मारली?”

“दोघांनी मिळून. बशा माझ्या.”

“श्रावणात बरी असतात आणि दिवाळीनंतर बसतात, हे तुला तीनदा सांगितलं होतं.”

सांगितलं होतं. मी ते थंडीवर ढकललं होतं. चार महिने पाऊस कुंड्या धुऊन काढत होता, हे त्या सांगत होत्या आणि मी फेरस विकत होतो.

उपाय साधा आहे: कुंडीतून भरपूर गोडं पाणी सोडायचं, क्षार खालच्या भोकातून वाहून जातात. पण एका कुंडीला चाळीस-पन्नास लिटर, अशा साठ कुंड्या, आणि तेही मेमध्ये लातुरात! मागायचं धाडस झालं नाही. मृगापर्यंत थांबायचं ठरलं. खतं बंद. एसीचं पाणी आधी लिंबांना, मग मोगऱ्याला. ड्रमचं पाणी फरशीला आणि संडासाला, फार तर बोगनवेलीला. कूलरच्या टाकीत उरलेलं पाणीही झाडांना नको, कारण तेही आटून आटून खारंच झालेलं असतं.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात एका रात्री अकराला फोन वाजला. मागं ढगांचा गडगडाट. “जाळी गुंडाळलीय, बशा काढल्यात. सकाळी तो तुझा मीटर घेऊन ये.”

गेलो तर बाईंनी रात्रीच तीन नंबरच्या लिंबाखाली पहिल्या धारेचं पाणी वाटीत धरून ठेवलेलं. मीटर बुडवला: ३४२०. बाईंनी हजेरीपटासारखी एक वही केली होती, त्यात आकडा टिपला. दर मोठ्या पावसानंतर मला बोलावणं यायचं. आर्द्रा सरता सरता तोच आकडा ६१० वर आला होता आणि फांद्यांच्या टोकांना पोपटी फूट.

परवा त्यांनी वही दाखवली. लिंबू क्रमांक तीन, पास. मोगरे, पास. गुलाब, अकरा कायमचे गैरहजर. सगळ्यात खाली, शेऱ्याच्या रकान्यात लाल शाईनं: ‘माळी, निरीक्षणात कच्चा.’