त्सू म्हणजे दोर खेच

न्यूर्नबर्गात येऊन दोन वर्षं झाली, जर्मनच्या दोन परीक्षाही दिल्या, तरी शहराजवळच्या फ्रँकिश युरा या कातळचढाईच्या भागात पहिल्याच रविवारी माझी दांडी गुल झाली. वर ऑफिसातली मैत्रीण चढत होती, खाली 'बिले' द्यायला, म्हणजे तिचा सुरक्षेचा दोर सांभाळायला, मी. ती ओरडली, "त्सू!" त्सू म्हणजे बंद, दार, दुकान वगैरे. मला वाटलं, वरची वाट बंद आहे, आता ही बाजूने जाणार. मी उदार मनाने आणखी दोर सोडला. तिला हवं होतं नेमकं उलट: दोर ताठ कर, मी लटकतेय. ती सपकन खाली आली, मी टाचांवरून उचलले गेले. मग दोघी हसलो. म्हणजे ती जरा उशिरा हसली.

खाली आल्यावर हात झटकत म्हणाली, "डिके आर्मे." जाड हात! तिचे हात म्हणजे शेवग्याच्या शेंगा. थोड्या वेळाने स्वतः चढून आले तेव्हा कळलं: आपण 'हात भरून आले' म्हणतो ना, तेच. इंग्रजीवाले यालाच 'पंप्ड' म्हणतात. मला आपलंच जास्त नेमकं वाटतं.

माझ्या वेळी खालून कुणीतरी म्हणालं, "शिवणयंत्र सुरू झालं." अंगठा बोटभर खोबणीत आणि टाच वर-खाली, वर-खाली, आईच्या मशीनच्या पायडलसारखी. उपाय सोपा: टाच खाली सोडायची. मोठ्या, मूठभर पकडीला इथे 'हेंकेल' म्हणतात, म्हणजे कपाचा कान. तो हाताला लागला की देव भेटतो.

पण या भागाची खरी देणगी 'रोटपुंक्ट', लाल ठिपका. पूर्वी कातळात ठोकलेल्या खिळ्यांना धरून, त्यांवर पाय देऊन चढणं सर्रास चालायचं. १९७५च्या सुमारास इथल्या कुर्ट आल्बर्टने ठरवलं की खिळे फक्त पडलो तर वाचवायला. चढायचं कातळ धरूनच. अशी पूर्ण वाट जमली की तो पायथ्याशी लाल रंगाचा ठिपका काढायचा. इंग्रजीतलं 'रेडपॉइंट' हे त्याचंच भाषांतर. पेशाने गणित-भौतिकीचा शिक्षक. बरोबर उत्तराला लाल शाई देणारा हा पहिलाच असावा.

पाय अधांतरी ठेवून नुसत्या हातांनी चढण्याला जगभर 'कॅम्पसिंग' म्हणतात. मला वाटायचं, कॉलेजच्या भिंतींवरून आलं असेल. 'कॅम्पस' ही न्यूर्नबर्गातली व्यायामशाळा होती. तिथे १९८८मध्ये वोल्फगांग ग्युलिख या चढाईपटूने अशा सरावासाठी लाकडी पट्ट्यांची शिडी लावली आणि १९९१मध्ये इथल्याच जंगलात एक-दोन बोटं मावतील अशा भोकांची 'आक्सिओं दिरेक्त' ही वाट चढला.

देणंघेणं एकतर्फी नको, म्हणून मी मैत्रिणीला 'घसारा' दिलाय. पायाखालून खडी सरकली की ती आता "गाझारा!" ओरडते. उच्चार दुरुस्त करायचा मी सोडून दिलाय. दोर तिच्या हातात असतो.