शेवटचा खांब कुठे घालायचा, हे कुणीच सांगत नाही

"सोपं असतं गं, एकच तर सुई असते!" क्रोशे शिकायचं म्हटल्यावर आत्यापासून ऑफिसातल्या मैत्रिणींपर्यंत सगळ्यांनी मला हेच ऐकवलं. सुई एकच असते हे खरं, आणि काम बऱ्यापैकी सोपं असतं हेही खरं. पण त्यात एक जागा अशी आहे की नवीन शिकणारी तिथे हमखास अडकते, आणि ज्यांचे हात बसलेत त्यांच्या ती लक्षातही येत नाही. माझा राग त्या जागेवर आहे. तो अजून पुरता उतरलेला नाही, म्हणून हे लिहितेय.

सुरुवातीचं पटकन सांगून टाकते. संध्याकाळी फोन हातातून सुटावा म्हणून काहीतरी हवं होतं. दोन सुयांच्या विणकामाची मला शाळेपासून धास्ती, पण क्रोशाचं काम घरात सगळीकडे पाहिलेलं. दाराला तोरण, टीव्हीवर रुमाल, आईच्या रुखवतातलं मण्यांची झालर लावलेलं तांब्यावरचं झाकण. पुण्यात बोहरी आळीतून सूत आणि सुई आणली, व्हिडिओ लावले. साखळी आली, मुका खांब (वेढा न घेता घातलेला बुटका टाका) आला, खांब (उंच टाका) आला. सुईवर एक वेढा, सुई घरात (म्हणजे खालच्या टाक्यात), सूत ओढून बाहेर, मग सुईवरचे फास दोन-दोन करून सोडवायचे. हे कुणालाही जमेल. यावर अर्धा-अर्धा तासाचे व्हिडिओ कशाला लागतात कळत नाही.

खरी गोष्ट पुढे आहे.

पहिला सराव म्हणून २० खांबांची पट्टी घेतली. २२ साखळ्या घातल्या, सुईपासून चौथ्या साखळीत पहिला खांब, मग प्रत्येक साखळीत एक. सुरुवातीला सोडलेल्या तीन साखळ्या मिळून एक खांब धरायचा, म्हणजे एकूण २०. मग काम उलटवायचं, तीन साखळ्या घालून वर चढायचं आणि पुढची ओळ. असं वीतभर झालं. मांडीवर पसरून पाहते तर खाली रुंद आणि वर निमुळतं! तेही एका बाजूनं नाही, दोन्ही बाजूंनी अगदी सारखं, मापून कापल्यासारखं. मोजलं तर वरच्या ओळीत १२ खांब. म्हणजे आठ खांब कुठेतरी गेले होते.

मी अकाउंट्समध्ये काम करते. ताळा जुळला नाही की मला झोप लागत नाही. सगळं उसवलं, पुन्हा घातलं. पुन्हा निमुळतं.

आत्याला व्हिडिओ कॉल केला. तिनं आयुष्यभरात केलेले टेबलक्लॉथ अंथरले तर आमचा पूर्ण मजला झाकला जाईल. तिनं चष्मा पुढे-मागे करत पाहिलं आणि म्हणाली, "तुझे खांब गळतायत." ते मलाही दिसत होतं. कुठे गळतायत, विचारलं तर म्हणे, "कडेला गं. कडेला नीट घालायचं." नीट म्हणजे कुठे? "अगं, ते हाताला कळतं." पुढच्या रविवारी तिच्याकडेच गेले. तिनं माझ्या हातातून काम काढून घेतलं, टीव्ही बघत-बघत सरळसोट चार ओळी विणल्या आणि परत दिलं. "झालं की! यात काय अवघड आहे?" कडेशी तिची सुई नेमकी कुठे शिरते हे पाहायला मी पार तिच्या खांद्यावर वाकले होते. पण तिचा हात इतका भरभर चालतो की सुई गेली आणि आली एवढंच दिसतं. "हळू कर ना" म्हटलं तर हळू केल्यावर तिचंच चुकायला लागलं आणि ती चिडली.

मग घराजवळच्या एका क्लासला नाव घातलं. तिथे तर कमाल झाली. बाई हुशार होत्या, काम सुंदर होतं, पण आम्हा सहा-सात जणींपैकी कुणाचंही अडलं की त्या काम हातात घेऊन दुरुस्त करून द्यायच्या आणि पुढे सरकायच्या. मी माझी पट्टी दाखवली. त्यांनी मोजलं, म्हणाल्या, "दोन कमी आहेत. मध्ये कुठेतरी एकाच घरात दोन-दोन खांब घाला, कोणाला कळतंय?"

मला कळतं ना! जुळत नसलेला फरक सस्पेन्स खात्यात टाकून ताळेबंद जुळवायचा, त्यातला प्रकार हा. बेरीज २० झाली, पण मध्ये दोन ठिकाणी सूत दाटलं आणि कडा तशाच तिरक्या. शिवाय पुढच्या ओळीत पुन्हा एक कमी. आणि याचे पैसे भरलेले. शेजारी बसलेल्या काकूंचंही तेच होत होतं, फक्त त्यांना ते चालत होतं. "अहो, कोपऱ्यात पीस घालू आणि बदामाचा रुमाल करू," म्हणाल्या.

व्हिडिओंचं वेगळंच. ओळीच्या टोकाला आलं की नेमका हात कॅमेऱ्याच्या पुढे येतो, किंवा "अशाच पद्धतीनं ओळ पूर्ण करून घ्यायची" म्हणून थेट पुढची ओळ दाखवतात. सुरुवातीचे दोन खांब आपल्याला सावकाश दाखवून काय उपयोग? ते येतातच. शेवटचा दाखवा की! ती पाच सेकंद कापून टाकणाऱ्या सगळ्यांवर माझा राग आहे.

शेवटी मी ते माझ्या पद्धतीनं सोडवलं. चूक सापडत नसेल तर प्रत्येक नोंद वेगळी काढून बघायची. घरात पिवळ्या आणि निळ्या सुताचे उरलेले गोळे होते. एक ओळ पिवळी, एक निळी, असं विणायला घेतलं, म्हणजे कोणत्या ओळीचा कोणता टाका कुठे शिरलाय ते दिसेल. तिसऱ्या ओळीनंतर खिडकीत उजेडाला धरलं. पिवळ्या ओळीच्या टोकाला तीन पिवळ्या साखळ्या एकट्या, वाकून उभ्या होत्या. त्यांच्या डोक्यात निळ्याचा एकही टाका नव्हता. त्यांच्या अलीकडच्या खांबावरच निळी ओळ संपली होती. पलीकडच्या कडेला निळ्या साखळ्यांचं तेच.

सापडला! घरात कुणी नव्हतं तरी मी मोठ्यानं म्हणाले.

आता हे नीट वाचा, कारण यासाठीच मी एवढं लिहितेय. ओळ सुरू करताना घातलेल्या तीन साखळ्या हाच त्या ओळीचा पहिला खांब असतो. म्हणून त्यांच्या लगेच खालच्या घरात पुन्हा खांब घालायचा नाही, पुढच्या घरापासून सुरू करायचं. हे सगळे सांगतात. पण काम उलटवलं की तोच पहिला खांब पुढच्या ओळीचा शेवटचा खांब होतो, आणि तो खांबासारखा दिसत नाही. खांबाचं डोकं कसं, वरून वेणीसारखं स्पष्ट दिसतं. या साखळ्या बारीक असतात, कडेला कलंडतात, थोड्या मागे वळतात. डोळा म्हणतो, ओळ संपली. संपलेली नसते. त्या तीन साखळ्यांपैकी सर्वांत वरच्या साखळीत, तिच्या दोन धाग्यांखाली सुई घालून शेवटचा खांब घालायचा. तो राहिला की दर ओळीला एक खांब जातो, आणि काम दर वेळी उलटत असल्यानं एकदा या कडेचा, एकदा त्या कडेचा. म्हणूनच ते इतकं देखणं, दोन्ही बाजूंनी सारखं निमुळतं होतं.

आणि वरकडी म्हणजे पद्धती दोन आहेत. काही जणी सुरुवातीच्या साखळ्या मोजतच नाहीत. त्या दोनच साखळ्या घालून वर चढतात, लगेच पहिल्याच घरात खांब घालतात आणि ओळीच्या शेवटी साखळ्यांकडे ढुंकूनही बघत नाहीत. तीही पद्धत बरोबर आहे, तिनंही कडा सरळ येते. पण एका व्हिडिओतून सुरुवात आणि दुसऱ्यातून शेवट शिकलात की संपलं! चांगल्या नमुन्यात (विणायच्या लेखी सूचनांत) पहिल्याच ओळीला लिहिलेलं असतं, "३ साखळ्या = १ खांब". ते लिहिलेलं नसेल तर तो नमुना मी सरळ बंद करते. मुक्या खांबाला एकच साखळी घालून उलटायचं, आणि ती सहसा मोजत नाहीत, त्यामुळे पहिल्या घरातच सुरुवात. मी आज शिकत असते तर आधी मुक्या खांबाचीच पट्टी केली असती.

उपाय दोन पैशांचा आहे. ओळीच्या सुरुवातीला तीन साखळ्या घातल्या की तिसरीत एक छोटी सेफ्टी पिन अडकवायची. परत येताना पिन दिसली की तिथे शेवटचा खांब. दुकानात यासाठी रंगीत प्लॅस्टिकचे मार्कर मिळतात, पण पिन पुरते. आणि प्रत्येक ओळ संपली की मोजायचं. आत्या मोजत नाही, क्लासच्या बाईही स्वतःचं काम मोजत नव्हत्या. त्यांनी नाही मोजलं तरी चालतं, तुम्ही मोजा.

सुताचं सांगायचं राहिलं. मी पहिल्यांदा काळं सूत आणलं होतं, छान दिसतं म्हणून. काळ्यात घर दिसत नाही, दिव्याखाली तर मुळीच नाही. फिकट रंगाचं, गुळगुळीत, जरा जाडसर सूत आणि ४ किंवा ५ मिमीची सुई घ्या. सुताच्या वेष्टनावर कोणती सुई ते छापलेलं असतं. केसाळ, फुलणारी लोकर तर नवशिक्यांनी हातात धरू नये, उसवताना गुंता होतो. घरातल्या मोठ्यांकडून त्यांची जुनी पोलादी बारीक सुई आणि रिळाचा दोरा भेट मिळेल. प्रेमानं घ्या आणि डब्यात ठेवा, ते रुमालाच्या नाजूक कामाचं सामान आहे. त्या सुयांच्या आकड्यांचा हिशोब उलटा असतो, आकडा मोठा तेवढी सुई बारीक. ॲल्युमिनियमच्या नव्या सुयांवर मिमी असतात, तेच बघून घ्यावं.

साखळीची पहिली ओळ घट्ट येत असेल तर फक्त तेवढ्यापुरती एक नंबर मोठी सुई वापरायची. हे मला एका अनोळखी बाईनं बोहरी आळीतल्या दुकानात सांगितलं, न विचारता. तिला मनापासून धन्यवाद.

इंग्रजी नमुने बघणार असाल तर ते अमेरिकन आहेत की ब्रिटिश ते आधी बघा. अमेरिकन "सिंगल क्रोशे" म्हणजे आपला मुका खांब, आणि त्यालाच ब्रिटिश नमुन्यात "डबल" म्हणतात. आपला खांब अमेरिकेत "डबल", ब्रिटनमध्ये "ट्रेबल". न बघता सुरू केलंत तर टोपी बाळाची न होता बाहुलीची होईल.

गोल कामात हा कडेचा त्रास नाही, तिथे वेगळं गणित. मध्ये १२ खांब, मग २४, मग ३६, दर फेरीला १२ वाढवायचे. कमी वाढवले तर वाटी होते, जास्त वाढवले तर झालर. मला गोल काम लगेच जमलं. सगळा आकड्यांचाच खेळ आहे!

अजून एक, हे ऐकावं लागतंच: "एवढे कष्ट कशाला, बाजारात स्वस्तात मिळतं." बाजारात स्वस्तात मिळणारी "क्रोशे लेस" बहुतेक यंत्रावर केलेली असते आणि तिची वीणच वेगळी असते. क्रोशाचा खांब घालणारं यंत्र बाजारात नाही. तो कुणाच्या तरी हातानंच घातलेला असतो, आणि आंध्रातल्या नरसापूरला असं काम बायका पिढ्यान्‌पिढ्या करत आल्या आहेत. तिथल्या हाताच्या लेसला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. हे उत्तर मी पाठ करून ठेवलंय आणि ऑफिसात दोनदा वापरलंय.

सध्या भाचीच्या बाळासाठी दुलई चालू आहे. ८० खांबांची ओळ, दोन्ही कडा पट्टी लावल्यासारख्या सरळ. आत्यानं पाहिली, कडेवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "बघ, आलं की हाताला." मी काही बोलले नाही.

दुलईवरून आठवलं. मोठं काम घेणार असाल तर लागेल तेवढं सगळं सूत एकदम आणा, आणि वेष्टनावरचा लॉट नंबर सगळ्या गोळ्यांवर एकच आहे ना ते दुकानातच तपासा. रंगाचं नाव तेच असलं तरी लॉट बदलला की छटा बदलते, आणि ती दुकानाच्या ट्यूबलाइटमध्ये दिसत नाही. आणि ॲक्रिलिकवर गरम इस्त्री फिरवू नका, सूत कायमचं लुळं पडतं. ओलं करून, कडांना पिना टोचून तसंच वाळवायचं.