सुई, गोळी आणि ‘ताकद’

गर्भनिरोधक गोळ्यांनी, सुईनं प्रतिकारशक्ती कमी होते का, असं तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. मागच्या महिन्यात एकाच आठवड्यात हा प्रश्न दोनदा आला. बंगळुरूहून भाचीचा व्हॉइस मेसेज: ‘मावशी, हार्मोनच्या गोळ्यांनी इम्युनिटी सप्रेस होते का गं? एक रील बघितलं.’ आणि कऱ्हाडजवळच्या गावातून, तिथलं आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताईंचा फोन: ‘मॅडम, अंतराची सुई घेतली की बाईच्या अंगातली ताकद जाते, कुठलाबी रोग लगेच धरतो, असं म्हणत्यात. खरं हाय का?’ मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवत होते. औषध लिहून द्यायचा मला अधिकार नाही, पण जंतू आणि पेशी यांच्याशी आयुष्य गेलं, तेव्हा तेवढ्यापुरतं बोलते.

आधी ‘ताकद’ या शब्दाशी माझं भांडण आहे. प्रतिकारशक्ती म्हणजे गच्चीवरच्या टाकीतलं पाणी नव्हे, की गोळी घेतली आणि चार बोटं खाली गेलं. तिच्यात वेगवेगळी खाती आहेत. एक खातं सुस्तावलेलं असताना दुसरं जोरात असू शकतं, तेही एकाच बाईच्या अंगात, एकाच दिवशी. तसंच ‘हार्मोन’चं. माला-एन या सरकारी गर्भनिरोधकाच्या पाकिटातल्या गोळीत लेव्होनॉरजेस्ट्रेल ०.१५ मिलिग्रॅम आणि इथिनिल इस्ट्राडिओल ०.०३ मिलिग्रॅम असतं. शेवटच्या सात तपकिरी गोळ्या नुसत्या लोहाच्या. अंतरा या सरकारी गर्भनिरोधक सुईत मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन १५० मिलिग्रॅम, तीन महिन्यांतून एकदा. छाया ही लखनौच्या सरकारी प्रयोगशाळेत जन्मलेली गोळी, तिच्यात स्टेरॉइड हार्मोन नाहीच. गर्भाशयात बसवतात त्या तांबीत तर तांबं. या सगळ्यांना एकच प्रश्न विचारला तर उत्तर चुकणारच.

भाचीच्या रीलमधली बाई कोणत्या औषधाबद्दल बोलत होती ते तिलाही सांगता आलं नाही. पण त्या बोलण्याचं मूळ मला ठाऊक आहे. ते मूळ सुईत आहे, आणि ते अगदी खोटं नाही.

ही कृत्रिम हार्मोनं चरबीत विरघळणारी, त्यामुळे पेशीच्या आवरणातून सहज आत जातात. आत रिसेप्टर नावाची प्रथिनं असतात. हार्मोन त्यावर बसलं की ती जोडी केंद्रकात जाऊन काही जनुकं चालू करते, काही बंद. प्रोजेस्टेरॉनची नक्कल करणाऱ्या औषधानं प्रोजेस्टेरॉनच्याच रिसेप्टरवर बसावं, ही अपेक्षा. मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉनची खोड अशी की ते शेजारच्या पाटावरही बसतं. तो पाट कॉर्टिसॉलचा. प्रेडनिसोलोन हे औषध दम्यात, संधिवातात देतात ते नेमकं त्याच पाटावर बसून प्रतिकारपेशींना गप्प करतं. लेव्होनॉरजेस्ट्रेल आणि नॉरएथिस्टेरॉन (हीही प्रोजेस्टेरॉनची नक्कलच) यांना तिथं फारशी जागा मिळत नाही. म्हणून प्रयोगशाळेत रक्तातल्या पेशींवर मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन घातलं की त्या विषाणूंविरुद्धचं इंटरफेरॉन कमी बनवतात, आणि हीच करामत बाकीच्या दोघांना तेवढी जमत नाही.

पुढे उंदीर. गुप्तांगाच्या नागिणीचा (हर्पीसचा) विषाणू उंदरीणीला सहजी लागत नाही. तो लागावा म्हणून संशोधक तिला आधी हेच इंजेक्शन देतात; ही वर्षानुवर्षांची रीत आहे. ऐकून दचकायला होतं. पण हिशोब करा: वीस ग्रॅमच्या उंदराला बहुतेक वेळा २ मिलिग्रॅम. साठ किलोच्या बाईला १५० मिलिग्रॅम. वजनाच्या मानानं उंदराचा डोस चाळीस पट होतो. १९९६ साली माकडिणींवर झालेला प्रयोग त्याहून जास्त चिंतेचा होता: त्वचेखाली प्रोजेस्टेरॉन बसवलेल्या १८ पैकी १४ माकडिणींना एचआयव्हीच्या जातीच्या विषाणूची लागण झाली, न बसवलेल्या १० पैकी एकीला. योनीचं अस्तर पातळ झालेलं दिसलं.

मग माणसांतली निरीक्षणं यायला लागली. २०११ मध्ये आफ्रिकेतल्या अशा जोडप्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, ज्यांत एकाला एचआयव्ही आणि दुसऱ्याला नाही. त्यात हार्मोनचं साधन, मुख्यतः इंजेक्शन, वापरणाऱ्या बायकांना लागण जवळजवळ दुप्पट दिसली. अभ्यासक त्यावर वर्षानुवर्षं भांडले, आणि भांडण रास्त होतं. सुई घेणारी बाई नवऱ्याला निरोधचा आग्रह कमी करते, कारण दिवस जायची भीती गेलेली असते. मग दोष सुईचा, की नसलेल्या निरोधचा? नुसतं बघून हे वेगळं काढता येत नाही. चिठ्ठ्या टाकाव्या लागतात.

त्या टाकल्या. दक्षिण आफ्रिका, केनिया, झांबिया आणि एस्वातिनी या चार देशांत १२ ठिकाणी ७,८२९ बायका. सगळ्या स्वखुशीनं आलेल्या, गर्भनिरोधक हवं असलेल्या. कुणाला सुई, कुणाला तांबी, कुणाला दंडात लेव्होनॉरजेस्ट्रेलच्या कांड्या, हे चिठ्ठीनं ठरलं. या चाचणीचं नाव ‘एको’. निकाल २०१९ च्या जूनमध्ये आला. सुई घेणाऱ्यांत १४३ जणींना एचआयव्हीची लागण, तांबीवाल्यांत १३८, कांड्यांवाल्यांत ११६. सुई आणि कांडी यांत थोडा फरक दिसतो खरा, पण तो योगायोगाच्या टप्प्यात बसणारा. चाचणीची आखणी धोका दीडपट झाला तर पकडण्यासाठी होती, आणि तेवढा काही सापडला नाही. सुई आणि तांबी तर जवळजवळ बरोबरीत. दोन महिन्यांनी जागतिक आरोग्य संघटनेनं एचआयव्हीचा धोका असलेल्या बायकांसाठीही सुईवरचा इशारा मागे घेतला.

म्हणजे पेशीत दिसतं ते खोटं होतं का? नाही. पेशीत ते दिसतंच. पण बशीतली पेशी म्हणजे बाई नव्हे. बाईच्या अंगात रक्त, अस्तर, जंतू, पाळी, इतकी मंडळी एकमेकांना सावरत असतात की एका खात्यातली सुस्ती दरवेळी दारापर्यंत पोचत नाही. हे मी विद्यार्थ्यांना घसा कोरडा होईस्तोवर सांगितलंय.

मला त्या निकालातला दुसराच आकडा झोपू देत नाही. तिन्ही गटांत मिळून ३९७ बायकांना लागण झाली. वर्षाला शंभरात जवळपास चार, आणि त्याही चाचणीत, जिथं दर भेटीत निरोध आणि समुपदेशन मिळत होतं! सुईत शोधत बसलो तो धोका शेजारी अंथरुणात होता. हे आपल्याकडंही कुणाला नवं वाटू नये. १९९७ साली पुण्यातल्या गुप्तरोग दवाखान्यांचा अभ्यास छापून आला. कोविडच्या दिवसांत रोज टीव्हीवर दिसायचे ते डॉ. रमण गंगाखेडकर त्याचे पहिले लेखक. वेश्याव्यवसायात नसलेल्या, बहुतेक लग्नाच्या, नवऱ्याशिवाय कुणाशी संबंध नसलेल्या बायका, त्यांतल्या १३.६ टक्के एचआयव्हीबाधित निघाल्या. तेव्हा अंतरा कुठं होती? ती सरकारी दवाखान्यात आली २०१७ मध्ये.

असो. तुम्ही विचारता त्यातलं खरं दुखणं बहुधा एचआयव्ही नसतंच. ते असतं ‘अंगावरून पांढरं जातं, खाज येते’. इथं हार्मोनांचा संबंध आहे, पण सरळ नाही. इस्ट्रोजेनमुळे योनीच्या अस्तरात ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचाच साठा, जमतं. त्यावर लॅक्टोबॅसिलस जगतात, दह्यातल्या जिवाणूंचेच भाऊबंद, आणि आंबटपणा राखतात. त्या आंबट जागेत बाकीचे उपद्रवी जंतू टिकत नाहीत. इस्ट्रोजेन असलेल्या, माला-एनसारख्या गोळीवर काहीजणींना बुरशीचा त्रास वाढतो. पण उग्र वासाचं पातळ पाणी जातं तो जिवाणूंचा त्रास हार्मोनची साधनं घेणाऱ्यांत उलट कमी आढळतो. गर्भाशयाच्या तोंडाचा स्राव या औषधांनी घट्ट होतो, त्यामुळे जंतूंना वर चढणंही जड जातं. तांबीबद्दल विचाराल तर बसवल्यानंतरचे पहिले तीन आठवडे जपायचे. आधीपासून आत असलेला जंतू त्या वेळी वर ढकलला जाऊ शकतो. नंतर ती भीती फारशी नाही.

आणि आता ज्याच्याबद्दल कुणीच विचारत नाही ते. टीबी.

आमच्या प्रयोगशाळेत एक बाई थुंकीच्या तपासणीला यायची. औषधांचा तिसरा महिना, वजन चार किलोनं वाढलेलं, खूश. एके दिवशी रडत आली: दिवस गेले होते. माला-एनची गोळी एकही चुकली नव्हती. टीबीच्या औषधांतलं रिफाम्पिसिन (ज्यानं लघवी नारिंगी होते ते) यकृताला इतकं कामाला लावतं की गोळीतली हार्मोनं भराभर मोडली जातात. पाकीट रोज रिकामं होतं, परिणाम उरत नाही. हे तिला टीबीची औषधं देणाऱ्यानं सांगितलं नव्हतं, आणि माला-एन देणाऱ्यानं औषधं विचारली नव्हती. दोन्ही खिडक्या एकाच इमारतीत, मधे वीस पावलं. सर्दीतापाच्या साध्या अँटिबायोटिकनं असं होत नाही, तो गैरसमज आहे. रिफाम्पिसिननं मात्र होतं. गंमत म्हणजे ज्या सुईला सगळे नावं ठेवतात, तिला जागतिक आरोग्य संघटना रिफाम्पिसिनसोबत हरकत घेत नाही. तांबीलाही नाही.

सुईचं मी वकीलपत्र घेतलेलं नाही. पाळी बिघडते, महिनोन्महिने ठिपके पडतात, नाहीतर पाळी येतच नाही. हाडांची घनता घटते, म्हणून अमेरिकेत २००४ पासून पाकिटावर ठळक इशारा आहे. सोडल्यावर मूल राहायला काही महिने उशीर होतो. आपल्याकडच्या महिला संघटना अशा इंजेक्शनांविरुद्ध १९८६ मध्ये थेट सर्वोच्च न्यायालयात गेल्या होत्या. बाईला न सांगता-विचारता टोचलं जाईल, ही त्यांची भीती मला आजही रास्त वाटते.

हे सगळं, जरा थोडक्यात, मी आशाताईंना फोनवर सांगितलं. त्या मधे मधे ‘हां, हां’ करत होत्या. शेवटी म्हटलं, सुई द्या, पण सोबत निरोधही द्या, आणि नवऱ्याला एकदा तपासणीला पाठवा.

‘मॅडम,’ त्या म्हणाल्या, ‘निरोधची पाकिटं माझ्याकडं दिवाळीपासनं पडल्यात. बाया नेत्यात, आणि दुसऱ्या दिवशी परत आणून देत्यात.’