काना बेटावरून दिसलेलं गलबत

शिकागोहून पहाटे निघालो, दुपारी बेलीज हार्बरला पोचलो. विस्कॉन्सिनमधल्या डोअर काउंटीत खरी ओढ होती काना बेटाच्या दीपगृहाची. आधी पाण्याची पातळी विचारून घ्या. बेटाकडे जाणारी दगडी वाट कधी कोरडी असते, कधी पाण्याखाली. तेव्हा ट्रॅक्टरच्या गाडीतून नेतात. वर जायला ९७ गोल पायऱ्या आहेत, आणि सज्जात मिशिगन सरोवराचा वारा झोंबतो. जुलैतही जाकीट हवंच.

मी बराच वेळ त्या सज्जात उभी होते. सप्टेंबर १८८६ मध्ये 'एफ. जे. किंग' हे तीन डोलकाठ्यांचं लाकडी गलबत लोहखनिज भरून मिशिगनमधल्या एस्कनाबा बंदरातून शिकागोला निघालं आणि या भागात वादळात बुडालं. माणसं होडीतून वाचली. कप्तानाने जागा सांगितली किनाऱ्यापासून पाच मैलांवर. इथले रखवालदार विल्यम सँडरसन यांना मात्र डोलकाठ्यांची टोकं पाण्याबाहेर दिसली होती, ती बरीच अलीकडे. शोधणारे थकले, 'भुताचं जहाज' म्हणू लागले. शेवटी जून २०२५ मध्ये ते सापडलं, सँडरसननी सांगितलेल्या जागेपासून अर्ध्या मैलाच्या आत! सांगाडा बराचसा शाबूत. गोड्या, थंड पाण्यात समुद्रासारखे लाकूड पोखरणारे किडे नसतात, म्हणून. रोज त्याच पाण्याकडे पाहणाऱ्या माणसाचा शब्द १३९ वर्षांनी खरा ठरला, याचं मला फार समाधान वाटलं.

दुसऱ्या दिवशी नॉर्थपोर्टहून वॉशिंग्टन बेटाची फेरीबोट घेतली. गाडीसकट अर्धा तास. ही खाडी म्हणजे 'मृत्यूचं दार', फ्रेंचांनी दिलेलं नाव. काउंटीचं नावही त्यावरूनच पडलं. फ्रेंच संशोधक ला साल याचं 'ग्रिफॉन' हे गलबत १८ सप्टेंबर १६७९ रोजी इथल्याच ग्रीन बे या उपसागराच्या मुखाजवळच्या एका बेटावरून फर भरून नायगाराकडे निघालं. ला साल स्वतः मागे राहिला होता. गलबत आणि त्यावरचे सहा जण परत कुणाला दिसले नाहीत. ते सापडल्याचे दावे अनेकदा झाले, पण एकही टिकला नाही. त्या गलबतासाठी कुणी सँडरसन किनाऱ्यावर नव्हता.

बेटावर स्कूलहाउस बीचचे गुळगुळीत पांढरे गोटे पाहा, पण खिशात घालू नका, दंड होतो. पोरांनाही आधीच बजावा. कानाचं दीपगृह मे ते ऑक्टोबरच उघडं असतं. वॉशिंग्टन बेटावर पोचल्या पोचल्या परतीच्या शेवटच्या फेरीची वेळ बघून ठेवा; ऑक्टोबरात फेऱ्या कमी होतात.