बांधलेले इंजिन सुरू करण्याआधी : ॲम्बॅसडरचे टायमिंग

इंजिन बोअर होऊन, नवे पिस्टन-रिंग घालून आणि क्रँक ग्राइंड करून परत आले, की घरातल्या आणि गल्लीतल्या सगळ्यांना एकच उत्सुकता असते, ती म्हणजे सेल मारून बघण्याची. कार्ब्युरेटर धुऊन झालेला असतो, रेडिएटर भरलेला असतो, बॅटरी चार्ज असते. टायमिंग, म्हणजे प्लगची ठिणगी नेमकी कोणत्या क्षणी पडावी याची जुळणी, मात्र ‘अंदाजाने लावू, सुरू झाल्यावर डेल्को (डिस्ट्रिब्यूटर, प्लगना पाळीपाळीने ठिणगी देणारा भाग) फिरवून कानाने जुळवू’ या भरवशावर सोडलेली असते. चालू गाडीच्या बाबतीत मला या पद्धतीबद्दल फारशी तक्रार नाही, कारण आपल्याकडच्या जुन्या मिस्त्रींचे कान खरोखरच तयार असतात. नव्याने बांधलेल्या इंजिनाची गोष्ट वेगळी आहे. त्याचे टायमिंग पहिल्या स्टार्टच्या आधीच बरोबर असले पाहिजे, आणि ते जुन्या खुणांवरून न लावता पिस्टनच्या प्रत्यक्ष स्थितीवरून लावलेले असले पाहिजे, असे माझे मत आमच्या १४८९ सीसीच्या ॲम्बॅसडरचे काम जळगावात करताना पक्के झाले.

याचे कारण पहिल्या अर्ध्या तासात आहे. व्हॉल्व्ह उघडणाऱ्या नव्या कॅमशाफ्टवर त्याचा धक्का पुढे नेणारे नवे टॅपेट बसलेले असतात आणि त्यांचे पृष्ठभाग एकमेकांशी जुळायचे असतात. त्यासाठी इंजिन सुरू होताच ते आयडलला न सोडता साधारण १५०० ते २००० आरपीएमवर वीसेक मिनिटे चालवावे लागते, कारण या इंजिनात कॅमला मिळणारे तेल मुख्यतः क्रँकने उडवलेले असते आणि मंद गतीला ते पुरेसे उडत नाही. टायमिंग चुकलेले असेल, तर इंजिन सुरूच होत नाही आणि आपण सेलवर सेल मारत राहतो. मग न जळलेले पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचे तेल धुऊन टाकते आणि कॅमवर लावलेले ग्रीसही पुसले जाते. टायमिंग फार मागे असेल, तर इंजिन सुरू होते, पण ज्वलन उशिरा होऊन उष्णता एक्झॉस्टकडे जाते, मॅनिफोल्ड लालसर दिसू लागतो, पाणी तापते आणि मग वीस मिनिटांचे काम पाचव्या मिनिटाला थांबवावे लागते. आमच्याकडे तर मे महिन्यात बाहेरचीच हवा ४४-४५ अंशांवर असते, तेव्हा रेडिएटरकडे शिल्लक अशी काही उरत नाही.

टायमिंगचे मूळ गणित सोपे आहे. ठिणगी पडल्याबरोबर सगळे मिश्रण एकदम पेटत नाही, ज्वाला पसरायला वेळ लागतो. आणि पिस्टन वरच्या टोकावरून पंधराएक अंश खाली उतरलेला असताना दाब सर्वाधिक असेल, तेव्हा त्याचा धक्का क्रँकला सर्वांत चांगला लागतो. ३००० आरपीएमला क्रँक एका मिलिसेकंदात १८ अंश फिरतो. त्या वेगाला ज्वलनाला अडीच मिलिसेकंद लागतात असे धरले, तर क्रँक तेवढ्यात ४५ अंश फिरलेला असतो, म्हणजे ठिणगी वरच्या टोकाच्या तीसेक अंश आधी पडायला हवी. आयडलला मात्र पाच-दहा अंश पुरतात. हा मधला फरक डेल्कोच्या पोटातली स्प्रिंगला बांधलेली वजने भरून काढतात आणि हलक्या ॲक्सिलरेटरवर व्हॅक्युमचा डबा आणखी थोडी भर घालतो. आपण डेल्को फिरवून जे लावतो, तो या सगळ्याचा केवळ पाया असतो.

हा पाया मोजायचा कशापासून, तर एक नंबरच्या, म्हणजे रेडिएटरकडच्या पिस्टनच्या वरच्या टोकापासून. पुलीवर खाच असते आणि टायमिंग कव्हरवर सुया असतात, हे खरे. पण चाळीस-पन्नास वर्षांच्या गाडीत पुली कधी बदलली, कव्हर कोणत्या इंजिनाचे बसवले, सुई कोणी वाकवली, याचा हिशेब कोणाकडेच नसतो. हेड उतरलेले असते तेव्हाच खरे टोक शोधून घेणे सर्वांत सोयीचे असते. एक नंबरच्या बोअरवर लोखंडी पट्टी आडवी टाकून ती हेडच्या स्टडला आवळावी आणि पट्टीच्या मध्यातून बोल्ट एवढा खाली घ्यावा की पिस्टन टोकाला पोचण्याआधीच त्याला टेकेल. क्रँक हाताने एका दिशेने हळू फिरवून पिस्टन टेकला की पुलीवर कव्हरच्या सुईसमोर एक रेघ मारायची, मग उलट दिशेने फिरवून तो पुन्हा टेकला की दुसरी. या दोन रेघांच्या बरोबर मधोमध खरे टोक असते. टोकाजवळ क्रँक काही अंश फिरला तरी पिस्टन जवळपास हलत नाही, म्हणून प्लगच्या भोकात स्क्रूड्रायव्हर घालून ‘आता वर आला’ असे ठरवण्यात दोन-चार अंशांची चूक सहज होते; पट्टीच्या रीतीत ती राहत नाही.

खरी खूण मिळाली की अंश मोजणे कठीण नाही. पुलीचा व्यास १४ सेंटिमीटर असेल, तर परिघावर एक अंश म्हणजे साधारण १.२ मिलिमीटर आणि दहा अंश म्हणजे १२ मिलिमीटर होतात. व्यास आपापल्या पुलीचा मोजावा, कागदाची पट्टी कापून पुलीवर चिकटवावी आणि शून्य, पाच, दहाच्या रेघा पांढऱ्या ऑइलपेंटने मारून घ्याव्यात. नंतर कव्हरखाली वाकून तेलकट सुया शोधण्याची कटकट राहत नाही.

डेल्को बसवताना मात्र दोन ठिकाणी माणूस फसतो. पहिले म्हणजे पिस्टन टोकावर आहे एवढ्याने भागत नाही, तो कॉम्प्रेशनच्या टोकावर हवा. एक्झॉस्टच्या शेवटीही तो तिथेच येतो. प्लगच्या भोकावर अंगठा ठेवून हँडल फिरवले की हवेचा जोर कळतो. हेड बसलेले असेल तर चार नंबरचे दोन्ही व्हॉल्व्ह पाहावेत, एक मिटत असताना दुसरा उघडू लागला असेल तर एक नंबर कॉम्प्रेशनवर आहे. दुसरे म्हणजे डेल्कोला फिरवणारा छोटा शाफ्ट. त्याचे दाते तिरके असतात, त्यामुळे खाली उतरताना तो स्वतःच फिरतो आणि खाच हवी त्या जागी यावी म्हणून त्याला आधी थोडे उलट धरून सोडावे लागते. इंजिन पूर्ण उघडले की हा शाफ्ट निघतोच, आणि तो एक-दोन दाते सरकून बसला की डेल्को कितीही फिरवला तरी व्हॅक्युमचा डबा ब्लॉकला अडतो आणि टायमिंग काही सापडत नाही. मग लोक वायरी एकेक घर पुढे सरकवतात. गाडी त्याने चालते. पण मला ते काम पाहवत नाही. फायरिंगचा क्रम १-३-४-२ आहे, आणि वरून पाहिले तर या डेल्कोचा रोटर, म्हणजे आतला फिरता हात, घड्याळाच्या उलट दिशेने फिरतो, एवढे डोक्यात ठेवून शाफ्टच नीट बसवावा.

टायमिंगच्या आधी पॉइंटचा गॅप, म्हणजे डेल्कोतल्या उघडून ठिणगी पाडणाऱ्या संपर्कांमधली फट, हा क्रम कधीही उलटा करू नये. गॅप वाढवला की पॉइंट लवकर उघडतात आणि टायमिंग आपोआप पुढे जाते. गॅप कमी झाला की मागे येते. म्हणून पॉइंटची हील (कॅमला घासणारा टोकाचा भाग) डेल्कोच्या कॅमच्या उंचवट्यावर आणून फिलर गेजने ०.३५ ते ०.४० मिलिमीटर गॅप ठेवावा, गेजची पाती जेमतेम धरल्यासारखी सरकली पाहिजे, आणि मगच दिव्याकडे वळावे.

दिवा म्हणजे १२ व्होल्टचा साधा पार्किंगचा बल्ब. एक वायर डेल्कोच्या बाजूच्या टर्मिनलला, दुसरी बॉडीला, आणि इग्निशन चालू. पॉइंट मिटलेले असताना दिवा विझलेला असतो, उघडताच लागतो. ज्या क्षणी लागतो तोच ठिणगीचा क्षण. क्रँक मॅन्युअलात दिलेल्या अंशावर आणून ठेवावा आणि तिथे येताना तो नेहमी चालण्याच्या दिशेनेच आणावा. खूण ओलांडली गेली तर पाव फेरा मागे जाऊन पुन्हा पुढे यावे, नाहीतर टायमिंग चेनचा आणि दात्यांचा ढिलेपणा मोजमापात शिरतो. मग डेल्कोचा बोल्ट सैल करून, रोटर हलक्या बोटाने त्याच्या फिरण्याच्या दिशेच्या उलट दाबून धरत, डेल्को आधी घड्याळाच्या उलट दिशेने दिवा विझेपर्यंत न्यावा आणि तिथून अगदी सावकाश घड्याळाच्या दिशेने आणावा. दिवा पहिल्यांदा मिचकावतो तिथे थांबून बोल्ट आवळावा. आवळताना डेल्को हमखास किंचित सरकतो, म्हणून क्रँकचे दोन पूर्ण फेरे फिरवून दिवा पुन्हा पाहावा. डेल्को एक अंश सरकला की क्रँकवर दोन अंशांचा फरक पडतो, कारण डेल्को क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो.

एवढे केल्यावर प्लग काढून सेलने तेलाचा दाब आणावा, प्लग लावावेत, आणि मग आमच्या मिस्त्री नानांच्या शब्दांत, ‘आते मार भाऊ सेल!’ टायमिंग जागेवर असले की इंजिन फार छळत नाही.

टायमिंग लाइट, म्हणजे प्लगच्या ठिणगीबरोबर चमकणारी बत्ती, त्या वीस मिनिटांनंतर हातात घ्यावी. व्हॅक्युमची नळी काढून तिचे तोंड बंद करावे, आयडल खाली आणावे आणि पांढऱ्या रेघेवर प्रकाश टाकावा. रेघ एका जागी न थांबता नाचत असेल, तर टायमिंगला हात लावण्याआधी डेल्कोचा बुश झिजला आहे का ते पाहावे. वेग वाढवताना रेघ सरकत पुढे गेली आणि सोडल्यावर परत आली, म्हणजे वजने मोकळी आहेत. बऱ्याच पडून राहिलेल्या गाड्यांत ती गंजून अडकलेली असतात, आणि अशा गाडीला आयडलचे टायमिंग कितीही अचूक लावले तरी ती रस्त्यावर मेल्यासारखीच चालते.

पुस्तकातला आकडा त्या काळच्या पेट्रोलसाठी आणि त्या काळच्या कॉम्प्रेशनसाठी लिहिलेला आहे. बोअर वाढला आणि हेडला लेथवर कट मारला की कॉम्प्रेशन थोडे वाढते, त्यामुळे नॉकिंग (मिश्रण आपोआप पेटून येणारी टकटक) लवकर येऊ शकते. दुसरीकडे हल्लीच्या पेट्रोलमधले इथेनॉल ऑक्टेन वाढवते, पण कार्ब्युरेटरचे मिश्रण पातळ करते आणि पातळ मिश्रण सावकाश जळते. या उलटसुलट ओढाताणीचा निकाल गॅरेजमध्ये लागत नाही, चढावर लागतो. रिंगा बसून इंजिन मोकळे झाल्यावर मी गाडी पहूरमार्गे फर्दापूरच्या पुढे अजिंठ्याच्या घाटात नेतो. धुळ्याकडच्यांना लळिंगचा घाट आहे, चाळीसगावकरांना कन्नडचा. दुपारच्या उन्हात, इंजिन पूर्ण तापलेले असताना, टॉप गिअरमध्ये वेग पडू देऊन ॲक्सिलरेटर दाबला की क्षणभर बारीक टकटक येऊन विरली पाहिजे. ती टिकून राहिली, तर टायमिंग एक-दोन अंश मागे घ्यावे. अजिबात आली नाही आणि गाडी जड वाटली, तर तेवढेच पुढे करून पुन्हा चढावर जावे. ही परीक्षा हिवाळ्यातल्या सकाळी घेऊ नये. थंड हवेत नॉकिंग लपते आणि एप्रिलमध्ये बाहेर येते.

नव्या पॉइंटची हील सुरुवातीला भराभर झिजते, गॅप कमी होतो आणि चढावर जुळवलेले टायमिंग पाचेकशे किलोमीटरांत मागे सरकते. तेव्हा हेडचे नट पुन्हा आवळून टॅपेट तपासण्याच्या वेळीच गॅपही पाहावा आणि डेल्कोच्या कॅमवर ग्रीसचे एक बोट लावावे. त्याहून जास्त नको, कारण उडालेले ग्रीस पॉइंटवर बसले की गाडी मिस मारू लागते आणि दोष कॉइलच्या माथी जातो.