नीनो रोता कालक्रमाने : ‘द गॉडफादर’च्या दुसऱ्या भागापर्यंतची नोंद

इटालियन संगीतकार नीनो रोता यांचे चित्रपटसंगीत प्रदर्शनाच्या क्रमाने ऐकण्याचा जो उपक्रम मी हाती घेतला आहे, तो आता १९७४ पर्यंत येऊन पोहोचला आहे. पद्धत पूर्वीचीच आहे : प्रत्येक चित्रपटातील मुख्य सुरावट आधी केवळ ऐकायची, मग पेटीवर वाजवून स्वरलिपीत उतरवायची, आणि ती त्यांच्या आधीच्या एखाद्या रचनेत येऊन गेली आहे का, हे पडताळायचे. रोतांच्या बाबतीत हा शेवटचा टप्पाच सर्वांत फलदायी ठरतो, कारण एकदा सुचलेली चाल ते सहसा वाया जाऊ देत नसत.

‘द गॉडफादर’मधील (१९७२) प्रेमाची सुरावट हे त्याचे सर्वांत गाजलेले उदाहरण आहे. षड्ज कुठेही धरला तरी पहिली ओळ अशी उतरते : मंद्र पंचम, सा, कोमल गंधार, रे, सा, कोमल गंधार, सा, रे, सा, आणि मग मंद्र सप्तकातील कोमल धैवत, कोमल निषाद, पंचम. इथपर्यंत सगळे आसावरी थाटाचे स्वर आहेत. दुसरी ओळ याच वाटेने निघते, मात्र शेवटी पंचमावरून तीव्र मध्यम आणि लगेच शुद्ध मध्यम अशी अर्ध्या-अर्ध्या स्वराने खाली उतरते. त्या चालीतील सारी व्याकुळता मला या दोन मध्यमांत साठवलेली वाटते. पेटीवर ते सावकाश, एकमेकांना चिकटवून वाजवून पाहावेत, म्हणजे मी काय म्हणतो ते लगेच ध्यानात येईल.

हीच सुरावट रोतांनी १९५८ मध्ये एदुआर्दो दे फिलिप्पो यांच्या ‘फोर्तुनेल्ला’ या चित्रपटात वापरली होती, परंतु तिथे ती द्रुत, उड्या मारत जाणाऱ्या मार्चच्या लयीत येते. ओळख पटायला थोडा वेळ लागतो, आणि पटली की त्याच स्वरांतून इतका निराळा भाव कसा निघू शकतो याचे नवल वाटत राहते. ही गोष्ट उघड झाल्यावर ‘द गॉडफादर’च्या संगीताचे ऑस्करचे नामांकन रद्द करण्यात आले. पुरस्कार नव्या, मूळ रचनेसाठी होता, त्यामुळे नियमाच्या दृष्टीने तो निर्णय चुकीचा म्हणता येणार नाही. पण दुसऱ्या भागातही ही सुरावट आहेच, आणि त्याच्या संगीतासाठी मात्र रोता व कार्मिने कोपोला यांना ऑस्कर मिळाले. माझ्या मते लय आणि वाद्ये बदलून जुन्या चालीला नवा अर्थ देणे हे रोतांच्या कलेचे मर्मच आहे. त्याला आळस म्हणणाऱ्यांनी या दोन्ही आवृत्त्या लागोपाठ ऐकाव्यात.

लुकिनो विस्कोंती यांच्या ‘इल गात्तोपार्दो’मध्येही (१९६३) हेच दिसते. त्यातील विस्तीर्ण, उदास सुरावटी रोतांनी १९४७ मध्ये रचलेल्या आपल्याच एका सिंफनीतून घेतल्या आहेत, तर नृत्यप्रसंगासाठी एकोणिसाव्या शतकातील ऑपेराकार वेर्दी यांचा तोवर अप्रकाशित असलेला एक वॉल्ट्झ त्यांनी वाद्यवृंदासाठी सजवला. त्याच वर्षीचा, दिग्दर्शक फेलिनींचा ‘साडेआठ’ आणि हा चित्रपट पाठोपाठ ऐकले, तर सर्कशीचा मार्च आणि सरदारी दिवाणखाना या दोन्ही ठिकाणी एकच माणूस तितक्याच सहजतेने वावरत होता, हे कळते. झेफिरेल्लींच्या ‘रोमिओ अँड ज्युलिएट’विषयी (१९६८) मला फारसे नवे सांगायचे नाही, ती चाल सर्वांच्या कानांत आहेच.

फेलिनींबरोबरचे काम १९५२ च्या ‘लो शेइक्को बियांको’पासून सुरू होते आणि रोतांच्या मृत्यूपर्यंत (रोम, १० एप्रिल १९७९) चालू राहते. त्यातील ‘ला स्त्रादा’ (१९५४) मी पुन्हा काढून ऐकला, कारण तिथे सुरावट केवळ पार्श्वभूमीला राहत नाही, ती कथेतील एक वस्तू बनते. आधी ती लहानशा व्हायोलिनवर ऐकू येते, पुढे नायिका जेल्सोमिना ती ट्रम्पेटवर वाजवते, आणि अखेरीस कपडे वाळत घालणारी एक अनोळखी स्त्री ती गुणगुणते, त्यावरून तिला सोडून गेलेल्या झाम्पानोला जेल्सोमिनाच्या मृत्यूची वार्ता कळते. पटकथेने एवढा भार ज्या चालीवर टाकला, ती एकदा ऐकून लक्षात राहील इतकी सोपी असणे भागच होते. आणि अशी सोपी चाल बांधणे किती अवघड असते, हे स्वरलिपी लिहिताना पदोपदी जाणवते. १९६६ मध्ये मिलानच्या ला स्काला या ऑपेरागृहासाठी रोतांनी याच कथेवर बॅलेही रचला.

हे सारे करणारा संगीतकार १९५० पासून १९७७ पर्यंत बारी येथील संगीतविद्यालयाचा संचालक होता, ही गोष्ट आपल्या चर्चांत फार क्वचित येते. रिकार्दो मुती यांच्यासारखा वाद्यवृंद-संचालक (कंडक्टर) त्याच विद्यालयात घडला. रोता स्वतः बालवयात ऑरेटोरिओ (गायक व वाद्यवृंदासाठीची, बहुधा धार्मिक विषयावरची मोठी रचना) रचणारे, पुढे फिलाडेल्फियाच्या कर्टिस इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेले. ऑपेरा आणि वाद्यसंगीत त्यांनी अखेरपर्यंत सोडले नाही. त्यामुळे फक्त चित्रपटांच्या यादीवरून त्यांचा माग काढणे अपुरे आहे, असे माझे मत आता पक्के झाले आहे. यापुढे ‘कासानोवा’ (१९७६) आणि ‘प्रोवा दोर्केस्त्रा’ घेण्याआधी मी १९६६ चा ट्रॉम्बोन कॉन्चेर्तो (एकल वाद्य आणि वाद्यवृंद यांची रचना) आणि पालेर्मो येथे १९५५ मध्ये रंगमंचावर आलेला ‘फ्लोरेन्सची गवती टोपी’ हा ऑपेरा स्वरलिपीसह ऐकणार आहे. त्यांत चित्रपटांतील कोणत्या चाली सापडतात, ते पुढच्या नोंदीत लिहीन. ज्यांनी हा ऑपेरा आधीच बारकाईने ऐकला असेल, त्यांनी कोणत्या अंकाकडे विशेष लक्ष द्यावे ते अवश्य कळवावे.